आवक वहीतला कापलेला रकाना

वाळवीनं आमच्या घरातलं काहीच खाल्लं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण दीड वर्ष अख्ख्या वस्तीनं त्या वाळवीला शिव्या घातल्या आणि त्या शिव्यांचा खरा धनी आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर बसून पेपर वाचत असे. ते माझे बाबा, दौलतराव बिऱ्हाडे. इंदूरच्या एका मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, चौतीस वर्षं उभं राहून काम केलेला माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात इस्त्री नव्हती, तरी गादीखाली दाबून शर्टाची घडी अशी कडक करायचे की मिलमधले बाबू लोक वळून बघत. अक्षर मोत्यासारखं. वस्तीतल्या लग्नपत्रिकांवरची नावं त्यांनीच लिहायची असा जणू कायदा होता. मी त्यांची मुलगी, नंदिनी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि तेच मी गेली तीस वर्षं टाळत आले आहे.

आमची वस्ती सगळी बाहेरून आलेली. यावल, रावेर, भुसावळ, मलकापूर, तिकडची माणसं. गावात पोट भरत नव्हतं आणि मान वर करता येत नव्हती, म्हणून इंदूरच्या मिलचा रस्ता धरलेली. अडतीस साली बाबूराव सुरवाडे नावाच्या मुकादमानं या लोकांसाठी एक मंडळ काढलं. मंडळ म्हणजे काय, एक खोली, एक सतरंजी आणि एक पत्र्याची पेटी. पण त्या पेटीत एक वही होती. गावाहून नवा माणूस स्टेशनवर उतरला की पत्ता विचारत या खोलीत यायचा, आणि बाबूराव त्याला आधी वहीसमोर बसवायचे. नोंद झाल्याशिवाय चहा नाही. नाव, बापाचं नाव, गाव, जात, आल्याची तारीख, सोबत कोण, जामीन कोण, कोणत्या चाळीत जागा मिळाली. कुणी दगावलं तर तार कुठे करायची, कुणाच्या पोरीला कुठल्या गावचं स्थळ चालेल, कोण कुणाचा भाऊबंद, सगळं त्या वहीवरून ठरे. बाजारात माल आल्याची वही असते तशी ही माणसं आल्याची, म्हणून तिला आवक वही म्हणत. माझे आजोबा सखाराम बिऱ्हाडे एक्केचाळीस साली आले. नोंद क्रमांक एकशे अठरा. सोबत बायको आणि मुलगा एक, वय सात. तो मुलगा म्हणजे बाबा.

बाबा सरकारी शाळेत कधी गेले नाहीत. मंडळाच्याच खोलीत बाबूरावांनी त्यांना अक्षरं गिरवायला लावली, आणि पुढे स्वतःचे डोळे अधू झाल्यावर वही त्यांच्या हातात दिली. सूचना एकच होती: कागद महाग आहे, पानाच्या दोन्ही बाजूंना लिहायचं. पंचावन्न साली बाबूराव वारले आणि तीनशे चाळीस घरांची ती वही एकविसाव्या वर्षी बाबांच्या गळ्यात पडली. पेटी आमच्या घरी आली. तिच्यात मग गावाकडची पत्रं साठली, मरणाच्या तारा साठल्या, कुणाकुणाचे सासरमाहेरचे फोटो साठले. आई म्हणायची, मी दुसरेपणावर आले, पहिली ती पेटी.

मिल चालू होती तोवर वहीची कुणाला आठवण नव्हती. बापाच्या जागी पोरगा बदलीवर लागायचा, कागद मागतंय कोण. ब्याण्णवच्या सुरुवातीला मिलच्या गेटला कुलूप लागलं आणि वस्तीला एकदम कागदांची गरज पडली. पोरांना आता सरकारी नोकरी नाहीतर सरकारी कॉलेज, तिसरं काही दिसत नव्हतं. त्याच्या थोडं आधी कायदा बदलून आम्हा बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या होत्या. पण जातीचा दाखला हवा तर कचेरीत दोन गोष्टी दाखवाव्या लागत: घराण्याची मूळ जात कोणती, आणि घराणं पन्नास सालाच्या आधीपासून इथं राहतं का. चाळी मिलच्या, त्यांचे कागद मिलच्या कुलपाआड. बहुतेकांच्या बापांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. उरली ती आवक वही.

लोक आमच्या दाराशी यायला लागले आणि बाबा प्रत्येकाला तेच सांगायला लागले: वहीला वाळवी लागली, भुसा झाला. पहिल्यांदा आल्या त्या बेबीबाई, शेजारच्या चाळीतल्या. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला, पदरात एकुलता रत्नपाल. त्याला टपाल खात्यातून बोलावणं आलं होतं आणि दाखला महिन्याभरात द्यायचा होता. बेबीबाई तीनदा आल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या की भुसा तरी दाखवा, एखादं पान मिळालं तर बघू. बाबा म्हणाले, फेकून दिला. रत्नपालची जागा गेली आणि तो देपालपूरच्या मंडीत सोयाबीनची पोती उचलायला लागला. बेबीबाईंनी बाबांना कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "काका, उस नासपीटी दीमक को भी आपलंच घर मिळालं." बाबा मान हलवायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं, किती मनाला लावून घेतात.

त्र्याण्णवच्या जुलैत माझी पाळी आली. बारावीला बरे मार्क होते आणि पॉलिटेक्निकच्या सिव्हिल डिप्लोमाच्या यादीत राखीव जागेवर माझं नाव लागलं. सोळा ऑगस्टच्या आत दाखला द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या नावाला. बाबा घरी बसून दीड वर्ष झालं होतं. पहाटे पाचला अजूनही उठायचे, दाढी करायचे, कडक घडीचा शर्ट घालायचे आणि मिलच्या बंद गेटवर धरण्याला जाऊन बसायचे. आई पापड लाटत होती. दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं नाव काढण्यासारखं घर नव्हतं, आणि आता हे घर सावरायचं तर मीच, हे कुणी न बोलता सगळ्यांना कळत होतं. मी यादीचं कात्रण घेऊन बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "बेटा, वहीला तर वाळवी लागली."

इथे माझं एक सांगायला हवं. माझी एक मैत्रीण होती, मंजिरी, स्नेहलतागंजात राहणारी. तिचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते आणि त्यांची पगडी अजून कपाटात जपून ठेवलेली, असलं घर. शाळेपासून मी तिच्याकडे जात होते, तिच्या पंक्तीला जेवत होते. तिच्या आजीनं एकदा विचारलं, तुम्ही मूळचे कोण. मी म्हणाले, खानदेशचे. आजींना दुसरंच काही विचारायचं होतं हे मला कळलं होतं, आणि मला कळलं आहे हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मंजिरीला मी आमच्या घरी कधी आणलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच विहार आहे, भिंतींवर निळे झेंडे आहेत, आत पाऊल टाकलं की काही सांगावं लागत नाही. घर लहान आहे, आईला बरं नसतं, असं काहीबाही सांगून मी वेळ मारून न्यायची. आमच्या वस्तीतली पोरं आपण कोण हे छाती काढून सांगायची. मी सभेत सगळ्यांबरोबर जयभीम म्हणायची, आणि सवारी टेंपोत मंजिरीशेजारी बसले की गप्प. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले होते.

वाळवीवर माझा विश्वास दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा धरण्याला गेल्यावर आईनंच वाट मोकळी केली. पापडाचं पीठ तिंबता तिंबता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली की हा माणूस साधी जुनी लग्नपत्रिका फेकत नाही, वही फेकेल का. पेटीची किल्ली त्यांच्या मिलच्या जेवणाच्या डब्यात असते. एवढं बोलून ती पापड घेऊन गच्चीवर निघून गेली. काय निघतं ते तिला बघायचं नव्हतं.

पेटीत वरती पत्रांचे गठ्ठे होते, तारा होत्या, फोटो होते, आणि तळाशी फडक्यात बांधलेली वही. वाळवीचं एक भोक नाही. मी पहिलं पान उचललं आणि पानाच्या आरपार मला खालची फरशी दिसली. मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक रकाना कापून काढलेला. फुटपट्टी लावून, अगदी सरळ. दुसरं पान तसंच, तिसरं तसंच, सतराच्या सतरा पानं तशीच. अलीकडे नावं आणि गावं, पलीकडे तारखा आणि चाळी, मधे जातीचा रकाना होता तिथे काहीच नाही. मी पान उलटलं. मागच्या बाजूला जातीच्या रकान्यावर काळी शाई फिरवलेली होती, आणि भोक पडलं होतं ते तारखेच्या जागी. कारण पुढच्या जातीच्या बरोबर पाठीशी मागची तारीख येत होती. ब्लेडला काय, त्यानं दोन्ही नेलं.

एकशे अठरा क्रमांक मागच्या बाजूला होता. सखाराम तुकाराम बिऱ्हाडे, तालुका यावल, मग काळा डाग, मग भोक. कचेरीला नेमक्या ज्या दोन गोष्टी हव्या होत्या, त्या दोन्ही नव्हत्या.

बाबा दुपारी परतले तेव्हा मी वही मांडीवर घेऊन बसले होते. ते दारातच थांबले. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही, लिहिण्यासारखं नाही. एक वाक्य मात्र लिहिते, कारण ते माझ्या तोंडून निघालं. मी म्हणाले, "तुम्हाला आपण कोण आहोत याची लाज वाटली, म्हणून तुम्ही कापलंत." हे मी म्हणाले, टेंपोत गप्प बसणारी.

बाबा चप्पल न काढताच खाली बसले आणि त्यांनी सांगितलं. छप्पन साली वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली तेव्हा मंडळाच्या खोलीत सभा भरली. ठराव झाला की यापुढे मंडळाच्या कागदांवर जात लिहायची नाही. सभा तेवढ्यावर संपत होती. पण बाबा बावीस वर्षांचे होते आणि वही त्यांच्या मांडीवर होती. ते उठून म्हणाले, यापुढे कशाला, मागची तरी का ठेवायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी दाढीचं ब्लेड आणलं, कुणी फुटपट्टी. बाबा कापत गेले, मागच्या बाजूच्या जातीवर शाई फिरवत गेले आणि लोक एकेक पट्टी हातोहात शेगडीपर्यंत नेऊन जाळत गेले. म्हाताऱ्या बायका आनंदानं रडत होत्या. बाबा म्हणाले, तसा दिवस मी पुन्हा पाहिला नाही.

"त्याची मला लाज नाही," ते म्हणाले. "तो शब्द जाळला, चांगलं केलं. पण पहिलं पान कापल्यावर मी ते उलटून बघितलं होतं, नंदिनी. मागच्या तारखा गेल्या, हे मला तिथंच दिसलं. पुढची सोळा पानं बाकी होती."

मी विचारलं, मग थांबला का नाहीत.

"टाळ्या वाजत होत्या," ते म्हणाले.

सदतीस वर्षं ते वहीवर बसून राहिले. जात कापल्याचं जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण वही कुणी मागितली नाही, म्हणून मागच्या तारखा गेल्याचं कुणाला कळलं नाही. मागायची वेळ आली तेव्हा खरं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की मला दिसलं होतं आणि मी हात आवरला नाही. त्यापेक्षा वाळवी सोपी होती. एकदा बेबीबाईंना सांगितल्यावर दुसऱ्याला वेगळं कसं सांगणार. असं करत करत ते मुलीपर्यंत आलं.

मला वाटलं होतं, आता बाबा माझ्यासाठी गुपचूप काहीतरी खटपट करतील. त्यांनी भलतंच केलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते वही घेऊन पुढे गेले, ती उघडून सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि सगळं सांगितलं. ब्लेडचं, तारखांचं, वाळवीचं. मी बायकांच्या ओळीत मागे बसले होते. खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. आता लोक आपल्याकडे कसे बघतील, एवढंच माझ्या मनात होतं, आणि मी ओढणी नीट करण्याच्या निमित्तानं मान खाली घातली.

बेबीबाई उठून उभ्या राहिल्या.

"मतलब, भुसा झालाच नव्हता?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, नव्हता.

"डेढ साल मी दीमक को कोसत राहिले, काका, और तुम मुंडी हलवत राहिलात," बेबीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्यामागून आणखी काही जण उठून गेले. उरलेल्यांतल्या एकानं सांगितलं की यापुढे वही तुमच्याकडे नको, विहारात राहील. बाबांनी किल्ली काढून सतरंजीवर ठेवली.

तरी पुढच्या आठवड्यात वस्तीनं कचेरीत पाठवलं ते बाबांनाच, कारण वहीतलं माणूस न माणूस त्यांनाच माहीत होतं. तिथे लक्ष्मीकांतजी म्हणून हेड क्लार्क होते, मराठीच, जाड भिंगांचा चष्मा, दिवसभर जुने कागद नाकाशी धरून वाचणारे. त्यांनी ती वही दहा मिनिटं उलटीपालटी केली. बाबा म्हणाले की आता हे गृहस्थ ती माझ्या तोंडावर फेकणार असं मी धरलं होतं. पण लक्ष्मीकांतजींनी विचारलं, "भिया, नंबर तर सगळे शाबूत आहेत ना?" मग त्यांनी बोटानं दाखवलं. पुढच्या बाजूला एकशे दहापर्यंतचे लोक, तारखा जागच्या जागी. शेवटची तारीख तीन फेब्रुवारी एक्केचाळीस. पुढच्या पानावर एकशे एकवीस, नऊ जून एक्केचाळीस. "मधला एकशे अठरा काय एक्कावन साली येईल का? जो मधे आहे तो मधेच आला," ते म्हणाले. सदतीस वर्षं ज्या तारखांसाठी बाबा स्वतःला खात होते, त्या आजूबाजूच्या तारखांवरून निघत होत्या. हे बाबांना कधी सुचलं नव्हतं. वही उघडून बघायचं धैर्यच त्यांनी केलं नव्हतं.

जातीचं मात्र तसं निघत नव्हतं. त्यासाठी वही राखणाऱ्यानं शपथेवर लिहून द्यायचं: रकाना कुणी कापला, कधी, का, आणि प्रत्येक घराच्या नावापुढे तिथे काय लिहिलेलं होतं. स्वतःच्या अक्षरात. आणि कचेरीच्या रीतीप्रमाणे ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल, वाचून झाल्यावर कबूल म्हणायचं.

बाबा चार दिवस लिहीत होते. तीनशे चाळीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे तोच शब्द. घाई नाही, खाडाखोड नाही, लग्नपत्रिकेवर लिहावं तसं अक्षर. आजोबांचं नाव त्यांनी गाळून ठेवलं होतं, ते सगळ्यात शेवटी लिहिलं. मी समोर बसून कागदांना आकडे घालत होते. ती चार दिवसांची सोबत हा आमच्यातला समेट आहे, असं मला वाटलं होतं.

बारा ऑगस्टला, गुरुवारी, आम्ही कचेरीत गेलो. सोळा तारखेला चार दिवस होते आणि मधे सुट्ट्या. वस्तीतली चाळीसेक माणसं आली होती. बेबीबाई आल्या होत्या, रत्नपालला देपालपूरहून बोलावून घेऊन, पण बाबांशी बोलत नव्हत्या. व्हरांडा गच्च भरला होता. मी फॉर्म बाबांकडे देऊन पलीकडच्या खिडकीपाशी थोडी मोकळी जागा होती तिथे उभी राहिले, आणि तेवढ्यात पाठीवर थाप पडली. मंजिरी. तिला मूल निवासीचा, म्हणजे रहिवासाचा, दाखला हवा होता, त्या खिडकीच्या रांगेत ती होती. मला बघून तिला आनंद झाला. तू पण यासाठीच का, असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणून गेले.

तेवढ्यात लक्ष्मीकांतजींनी बाबांचा कागद हातात घेतला. ते भले गृहस्थ होते. त्यांनी हळूच विचारलं की आत साहेबांच्या खोलीत वाचू का. बाबा म्हणाले, "नाही, इथंच वाचा. ज्यांचं आहे ते इथं उभे आहेत." मग लक्ष्मीकांतजींनी हिंदीत वाचायला सुरुवात केली. मैं दौलतराव वल्द सखाराम, उम्र उनसठ साल, कौम, आणि तिथे थांबून त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. रीत अशी की हे शपथ घेणाऱ्यानं स्वतः बोलायचं.

"महार," बाबा म्हणाले. "छप्पनपासून बौद्ध." व्हरांड्याच्या या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

पुढचं लक्ष्मीकांतजींनी वाचलं. ब्लेडचं वाचलं, शेगडीचं वाचलं. देखकर भी नहीं रुका, हे वाचलं. डेढ साल अपनी बस्ती से झूठ बोला, हेही बाबांनी लिहिलं होतं, तसं लिहायची गरज नसताना, आणि तेही वाचलं गेलं. कबूल, असं विचारल्यावर बाबा कबूल म्हणाले. मग साक्षीदाराची सही हवी होती. बेबीबाई पुढे झाल्या, त्यांनी सही केली आणि पेन बाबांच्या हातात दिलं. लक्ष्मीकांतजी म्हणाले की कागद पुरेसा आहे, दाखले निघतील, आणि ज्या मुलीची तारीख जवळ आहे तिचा आजच देतो, तिची सही घेऊन या.

मंजिरीही ऐकत होती. तिचे डोळे पाणावले होते. "किती खरं बोलले गं ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात नावालाही तुच्छता नव्हती. एवढं सोपं मला आयुष्यात कुणी करून दिलं नव्हतं. एक शब्द पुरला असता.

बाबा गर्दीतून मला शोधत होते. मी दिसल्यावर ते फॉर्म घेऊन आमच्याकडे यायला लागले, चेहरा असा मोकळा झालेला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. मंजिरीनं विचारलं, "तुझ्याकडेच बघताहेत. ओळखीचे आहेत का तुझ्या?"

"आमच्या मोहल्ल्यातले आहेत," मी म्हणाले.

बाबा तोवर चार पावलांवर पोचले होते. त्यांनी ऐकलं. ते थांबले, त्यांनी मंजिरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना समजलं, एवढंच दिसलं. ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांनी फॉर्मची घडी घातली, जातीची ओळ आत जाईल अशी, सहीची जागा तेवढी वर ठेवली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"बेटा, इथं तुझी सही राहिलीय," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना यायला जमलं नाही, म्हणून मी घेऊन आलो. घरी सांग त्यांना, काम झालं."

मी सही केली. मंजिरी दुसरीकडे बघायला लागली होती. ती मूर्ख नव्हती, आणि बाबांची नि माझी हनुवटी हुबेहूब एक आहे. पण बाबा उत्तरासाठी थांबले होते.

"हो, काका," मी म्हणाले.